एका हाताची कहाणी

सेनापती पडला म्हणजे सैन्याचे काय होते, हा प्रश्न आपल्या इतिहासाला नवा नाही. सिंहगडावर तानाजी पडला, तरी गड हाती आला. पानिपतावर विश्वासराव पडले आणि हाताशी आलेली लढाई घटकाभरात फिरली. हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या, रक्तपात नसलेल्या रणांगणावर अमेरिकेतील ह्यूस्टन शहराला १९८० साली पडला होता. रणांगण होते बेसबॉलचे, आणि पडलेला वीर होता जे. आर. रिचर्ड नावाचा चेंडू टाकणारा खेळाडू. त्याच्यावाचून संघाचे कसे होणार, याची चर्चा त्या उन्हाळ्यात सारे शहर करीत होते. त्या चर्चेत कोणती गोष्ट राहून गेली, ते आज मला आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

प्रथम खेळाविषयी चार शब्द सांगितले पाहिजेत. बेसबॉल आपल्या क्रिकेटचा दूरचा नातलग म्हणावा असा खेळ आहे. दोन संघ, प्रत्येकी नऊ खेळाडू आणि नऊ डाव. आपल्या गोलंदाजाच्या जागी तेथे पिचर असतो. मातीच्या लहानशा उंचवट्यावर उभा राहून साडेसाठ फुटांवरील फलंदाजाकडे तो चेंडू फेकतो. चेंडूचा टप्पा पडत नाही. तो सरळ हवेतून येतो, आणि उत्तम पिचरच्या हातून सुटला तर ताशी शंभर मैलांच्या आसपास वेगाने येतो. फलंदाजाला तीन संधी; त्या तिन्ही त्याने दवडल्या की तो बाद. याला स्ट्राइकआउट म्हणतात, आणि पिचरची थोरवी मुख्यतः त्यावर मोजली जाते.

मात्र एका बाबतीत हा खेळ क्रिकेटहून फार भिन्न आहे. एका हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो, जवळजवळ रोज एक. एवढ्या वेगाने चेंडू फेकणाऱ्या हाताला रोजचा ताण सोसत नाही. म्हणून प्रत्येक संघ चार-पाच प्रमुख पिचर बाळगतो आणि त्यांची पाळी लावून देतो. आज ज्याने सामना सुरू केला त्याची पाळी पुन्हा चार-पाच दिवसांनी येते. श्रोत्यांनी ही पाळीची पद्धत ध्यानात ठेवावी, कारण पुढील साऱ्या हकीकतीची किल्ली तीच आहे.

ह्यूस्टनचा संघ १९६२ साली स्थापन झाला. १९६५ साली तो ॲस्ट्रोडोम या जगातील पहिल्या छप्पर असलेल्या भव्य क्रीडागृहात राहावयास गेला आणि त्याचे नाव ॲस्ट्रोज असे पडले. घर राजवाड्यासारखे, पण यश मात्र बेताचे. अठरा हंगाम उलटले, तरी आपल्या विभागात हा संघ एकदाही पहिला आला नव्हता. १९७९ साली तो सिनसिनाटीच्या संघामागे दीड सामन्याच्या अंतराने राहिला. त्या काळी विभागात पहिल्या येणाऱ्या संघालाच पुढच्या फेरीत प्रवेश मिळे. दुसऱ्याच्या वाट्याला घरचा रस्ता. म्हणून त्या वर्षाच्या अखेरीस मालकांनी नोलन रायन या जगप्रसिद्ध पिचरला वर्षाला दहा लक्ष डॉलर देऊन आणले. एवढे वेतन त्यापूर्वी कोणत्याही बेसबॉलपटूला मिळाले नव्हते. रायन, रिचर्ड आणि जो नीक्रो असे तिघे एकाच संघात पाहून १९८० हे वर्ष आपले, असे ह्यूस्टनकरांना वाटू लागले यात नवल नाही.

या तिघांत संघाचा खरा आधारस्तंभ रिचर्ड हाच होता. जेम्स रॉडनी रिचर्ड याचा जन्म ७ मार्च १९५० रोजी लुइझियाना राज्यातील व्हिएन्ना या लहानशा गावी झाला. उंची सहा फूट आठ इंच आणि पंजा असा विशाल की त्यात तो आठ चेंडू एकदम धरी, असे सांगतात. १९६९ साली संघांनी नव्या खेळाडूंची निवड केली तेव्हा साऱ्या देशातून त्याचे नाव दुसरे घेतले गेले. ५ सप्टेंबर १९७१ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी तो पहिला मोठा सामना खेळला आणि त्या एकाच सामन्यात त्याने सॅन फ्रान्सिस्कोचे पंधरा फलंदाज स्ट्राइकआउट केले. पहिल्याच सामन्यातला तो विक्रम १९५४ साली कार्ल स्पूनरने केला होता. रिचर्डने त्याची बरोबरी साधली.

पुढे वाट सोपी नव्हती. वेग अफाट, पण नेम अस्थिर. तो स्थिर होण्यास चार वर्षे लागली. १९७६ साली त्याने वीस सामने जिंकून दिले आणि त्यानंतरची तीन वर्षे प्रत्येकी अठरा. १९७८ साली त्याने ३०३ फलंदाज स्ट्राइकआउट केले. विसाव्या शतकात नॅशनल लीगमधील कोणत्याही उजव्या हाताच्या पिचरने तोवर तीनशेचा आकडा ओलांडला नव्हता. पुढच्या वर्षी हा आकडा ३१३ वर गेला. १९८० च्या पूर्वार्धात त्याची कामगिरी याहूनही सरस होती. दहा विजय, चार पराभव, आणि दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी अवघी १.९०. ८ जुलै रोजी लॉस एंजेलिस येथे निवडक खेळाडूंचा वार्षिक सामना झाला, तेव्हा नॅशनल लीगच्या वतीने पहिला चेंडू टाकण्याचा मान रिचर्डलाच मिळाला.

आणि तरीही, श्रोतेहो, याच काळात रिचर्ड एक तक्रार सतत करीत होता. हात मेल्यासारखा वाटतो, बोटांत बधिरपणा येतो, असे तो सांगे. सामन्याच्या मध्यावर तो थकून बाहेर पडू लागला. ज्याची सरासरी देशात नाव घेण्याजोगी, त्याचा हात मेलेला कसा असेल, असा तर्क लोकांनी केला. तर्क वरकरणी बिनतोड होता. वृत्तपत्रांतून कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणाले, तो आळशी आहे. कोणी म्हणाले, रायनच्या वेतनाचा त्याला मत्सर वाटतो. मादक पदार्थांचे नाव घेण्यापर्यंतही काहींची मजल गेली. रिचर्ड कृष्णवर्णी होता. हीच तक्रार एखाद्या गौरवर्णी खेळाडूने केली असती तर तिचे असेच स्वागत झाले असते काय, हा प्रश्न पुढे अमेरिकेत अनेकांनी विचारला. परंतु तो पुढे, सारे काही घडून गेल्यावर.

१४ जुलै रोजी अटलांटाविरुद्ध तो मैदानात उतरला. यष्टिरक्षकाच्या जागी बसणाऱ्या सहकाऱ्याच्या खुणा त्याला नीट दिसेनात, बोटे वळेनात. चौथ्या डावात तो बाहेर आला. तो त्याच्या आयुष्यातील अखेरचा मोठा सामना ठरला. संघाने त्याचे नाव जायबंदी खेळाडूंच्या यादीत घातले आणि काही दिवसांनी रुग्णालयात तपासणी झाली. उजव्या हाताकडे रक्त नेणाऱ्या धमनीत अडथळा असल्याचे तीत आढळले. म्हणजे तक्रार खरी होती! तथापि तूर्त शस्त्रक्रियेची आवश्यकता नाही, देखरेखीखाली हलका व्यायाम चालेल, असे ठरले. ३० जुलै रोजी ॲस्ट्रोडोममध्ये एका जुन्या सहकाऱ्याबरोबर तो सावकाश चेंडूची फेकाफेक करीत असता एकाएकी कोसळला. मेंदूकडे जाणाऱ्या मानेतील धमनीत रक्ताची गुठळी अडकली होती. त्याच रात्री शस्त्रक्रिया झाली आणि जीव वाचला; पण डाव्या अंगावरून वारे गेले होते. वय अवघे तीस.

या आजाराचे मूळ त्याच्या कौशल्यातच होते असे वैद्यकांचे पुढे मत पडले. गळ्याचे हाड आणि पहिली बरगडी यांमधील अरुंद वाटेने हाताची धमनी जाते. वर्षानुवर्षे हात डोक्यावरून जोराने फिरवला की तेथे ती चेपली जाते, तिच्या भिंतीला इजा होते आणि गुठळ्या धरू लागतात. ज्या फेकीने त्याला कीर्ती दिली, तीच फेक आतून त्याची धमनी झिजवीत होती. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र केवळ फेकीचा वेग दिसत होता.

आता संघाकडे वळू. हंगामाचे दोन महिने उरले होते आणि लॉस एंजेलिसचा डॉजर्स संघ खांद्याला खांदा लावून धावत होता. रिचर्डवाचून ह्यूस्टन टिकेल असे फार थोड्यांना वाटे. पण येथे ती पाळीची पद्धत कामास आली. रिचर्ड रोज खेळत नव्हता. पाच दिवसांतून एक दिवस खेळत होता. म्हणजे भोक पडले ते पाचांतील एका दिवसाला. ते भोक एका महापुरुषाने नव्हे, तर एका साध्या, मेहनती माणसाने बुजवले. त्याचे नाव व्हर्न रूल. १९७८ साली डेट्रॉइटच्या संघाने त्याला सोडून दिले होते. त्याच्या चेंडूला रिचर्डसारखा वेग नव्हता, पण नेम पक्का होता. पाळी मिळाली तेव्हा त्याने हंगामाच्या अखेरीस बारा विजय आणि चारच पराभव असा हिशोब मांडला.

या रूलच्या बाबतीत इतिहासाने एक विलक्षण योग जुळवून आणला आहे. १९७५ च्या सप्टेंबरात, तो डेट्रॉइटकडे असताना, त्याच्याच एका चेंडूने बॉस्टनचा तरुण फलंदाज जिम राइस याच्या हाताचे हाड मोडले होते. बॉस्टनने राइसवाचून पुढची फेरी जिंकली आणि अंतिम मालिका सातव्या सामन्यापर्यंत नेली; तो सामना मात्र गमावला. एका संघाचा तारा ज्याच्या हातून निखळला, त्यालाच पाच वर्षांनी दुसऱ्या संघाच्या निखळलेल्या ताऱ्याची जागा घ्यावी लागली.

रूलच्या जोडीला नीक्रो होता. बोटांच्या टोकांवर चेंडू धरून तो असा संथ सोडी की चेंडू हवेत डोलत जाई आणि फलंदाजाचा अंदाज चुके. वेगाची उणीव त्याने चातुर्याने भरून काढली. व्यवस्थापक बिल व्हर्डन याने कोणा एकावर सारा भार टाकला नाही. शेवटचे डाव सांभाळणाऱ्या राखीव पिचरांना त्याने नेमाने कामास लावले.

हंगामाचे शेवटचे तीन सामने उरले, तेव्हा ह्यूस्टन डॉजर्सच्या तीन सामने पुढे होते आणि हे तिन्ही सामने डॉजर्सशीच, त्यांच्याच मैदानावर व्हावयाचे होते. एक विजय पुरे होता. ३, ४ आणि ५ ऑक्टोबर असे तीन दिवस ह्यूस्टन हरले. ३-२, २-१ आणि ४-३, प्रत्येक वेळी एकेका धावेने. दोन्ही संघांचे ९२ विजय आणि ७० पराभव झाले. निर्णयासाठी ६ ऑक्टोबरला एक जादा सामना ठेवावा लागला. तीन दिवस पाठोपाठ हरलेला संघ चौथ्या दिवशी उभा राहतो, हे खेळात क्वचित दिसते. नीक्रोने शांतपणे डाव चालवला, आर्ट हाऊने चार धावा मिळवून दिल्या आणि ह्यूस्टनने ७-१ असा विजय मिळवला. नीक्रोचा त्या वर्षातला हा विसावा विजय. स्थापनेनंतर प्रथमच ह्यूस्टन विभागात पहिले आले.

पुढची फेरी फिलाडेल्फियाशी होती. पाचांपैकी तीन सामने जिंकणारा संघ अंतिम मालिकेत जाणार होता. पाच सामन्यांपैकी चार सामने नऊ डावांत सुटले नाहीत, यावरून चुरशीची कल्पना यावी. पहिला फिलाडेल्फियाने ३-१ असा घेतला. दुसरा ह्यूस्टनने दहाव्या डावात ७-४ असा जिंकला. तिसऱ्यात नीक्रोने दहा डाव एकही धाव दिली नाही आणि अकराव्या डावात ह्यूस्टनने एकुलती एक धाव काढली. याच सामन्यात सेसार सेदेन्यो या त्यांच्या उत्तम फलंदाजाचा घोटा निखळला. एक तारा आधीच गेलेला, त्यात हा दुसरा.

आता एकच विजय हवा होता. चौथ्या सामन्यात रूलने सात डाव दोन धावांची आघाडी जपली. आठव्यात ती गेली आणि दहाव्या डावात फिलाडेल्फियाने ५-३ अशी बाजी मारली. १२ ऑक्टोबरच्या पाचव्या सामन्यात रायन पिचर होता. आठव्या डावाच्या आरंभी ह्यूस्टन ५-२ असे पुढे होते. आणखी सहा फलंदाज बाद झाले की अंतिम मालिका. त्या एका डावात फिलाडेल्फियाने पाच धावा काढल्या. ह्यूस्टनने जिद्दीने ७-७ अशी बरोबरी केली, पण दहाव्या डावात गॅरी मॅडॉक्सच्या फटक्याने ८-७ असा निकाल लागला. फिलाडेल्फियाने पुढे अंतिम मालिकाही जिंकली. ह्यूस्टनला त्या मालिकेत पोहोचण्यास २००५ साल उजाडले आणि ती जिंकण्यास २०१७.

रिचर्ड असता तर काय झाले असते? जर-तरच्या प्रश्नांना इतिहास उत्तर देत नाही. पण खेळाचे गणित काही सांगते. लांबच्या हंगामात एका पिचरची उणीव पाच जणांत वाटली जाते; कष्टाळू माणसे ती सोसू शकतात. पाच सामन्यांच्या फेरीत मात्र श्रेष्ठ पिचर दोनदा मैदानात येऊ शकतो, म्हणजे निकालाचा मोठा वाटा एका हातात असतो. त्याने आठ-नऊ डाव ओढून नेले की राखीव पिचरांना विश्रांती मिळते. ह्यूस्टनची आघाडी दोनदा आठव्या डावातच निसटली, ही गोष्ट या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सहनशीलतेने संघाला दारापर्यंत आणले; उंबरठा ओलांडण्यास जो हात हवा होता तो अंथरुणावर होता.

हे झाले संघाचे. माणसाचे काय झाले? रिचर्ड पुन्हा चालू लागला, धावू लागला, दुय्यम संघांतून चेंडूही टाकू लागला. पण नजरेचा आणि शरीराचा पूर्वीचा मेळ परत आला नाही. १९८४ साली संघाने त्याला मोकळे केले. पुढे व्यवसाय बुडाले, संसार मोडले, पैसा गेला. १९९४-९५ च्या हिवाळ्यात तो ह्यूस्टनमधील एका मोठ्या रस्त्याच्या पुलाखाली राहत असलेला आढळला. ज्या शहरात हजारो माणसे त्याच्या नावाचा गजर करीत, त्याच शहरात त्याच्या डोक्यावर छप्पर उरले नव्हते. तेथूनही तो उठला. एका प्रार्थनामंदिराने त्याला आधार दिला. पुढे तो स्वतः धर्मोपदेशक झाला आणि बेघरांची सेवा करू लागला. ४ ऑगस्ट २०२१ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी ह्यूस्टनमध्येच त्याचे निधन झाले.

मी शिक्षकी पेशातला मनुष्य आहे. वर्गात दरवर्षी एखादा धिप्पाड, दणकट मुलगा असतो. बारीक अंगाच्या मुलाने पोट दुखते म्हटले की आपण त्याला घरी पाठवतो. त्या धिप्पाड मुलाने म्हटले की हसतो. यात दुष्टपणा नसतो. बळकट माणसाला दुखणे असेल अशी कल्पनाच आपल्याला शिवत नाही. ह्यूस्टनमध्ये याहून निराळे काही घडले नाही. रिचर्ड जिंकत होता, म्हणून तो आजारी असू शकत नाही असे सर्वांनी ठरवले. वस्तुतः तो आजारी असूनही जिंकत होता. त्याच्या विजयांची संख्या त्याच्याच विरुद्ध पुरावा म्हणून उभी केली गेली.

त्या जुलै महिन्यात ह्यूस्टनमध्ये सर्वांच्या तोंडी एकच प्रश्न होता: आता आपल्या आशेचे काय? तो प्रश्न गैर नव्हता. आशा ही साऱ्या गावाची असते आणि तिच्यासाठी रूल, नीक्रो, हाऊ यांनी जे केले ते खरोखर मोलाचे होते. पण त्याच्या आधी विचारावयाचा एक लहानसा प्रश्न होता, आणि तो विचारण्यास दहा-बारा शब्द पुरेसे होते: बाबा रे, हात दुखतो म्हणतोस, तो नेमका कोठे दुखतो? हा प्रश्न वेळीच, विश्वासाने विचारला गेला असता तर फिलाडेल्फियाशी झालेल्या त्या फेरीचा निकाल बदलला असता की नाही, हे सांगता येणार नाही. पण एका माणसाच्या पुढच्या चाळीस वर्षांची वाट बहुधा वेगळी झाली असती.